डॉक्टर वायली आणि आजोबांची हळद

मेसच्या जेवणावर या अंकात अजून दोन-तीन कविता तरी नक्की असतील. दरवर्षी असतात. पातळ वरण, चामट पोळी, रविवारची 'फीस्ट'... विषय जुना आहे आणि चालतोही. मीही मेसवरच लिहिणार आहे, पण ही मेस आपली नाही. ती १९०२ साली अमेरिकेत, वॉशिंग्टन शहरात एका सरकारी इमारतीच्या तळघरात सुरू झाली होती. तिथे १२ तरुण मुलं रोज टेबलावर बसून मुद्दाम, समजून-उमजून आणि सही करून विष खायची. जेवण फुकट होतं. रेक्टर म्हणा, मेस सेक्रेटरी म्हणा, एकच माणूस होता. त्याचं नाव डॉ. हार्वे वॉशिंग्टन वायली.

पण वायलींकडे जाण्याआधी पोलादपूरला यावं लागेल, कारण माझी आणि त्यांची ओळख आमच्या दुकानामुळे झाली.

मी पोलादपूरचा. मुंबई-गोवा रस्त्यावरून महाबळेश्वरला जायला जिथे गाडी वळते, ते गाव. बाजारात आमचं किराणा दुकान आहे, आजोबांनी काढलेलं. त्या दुकानात लहानपणापासून मी दोन गोष्टी बघत आलो. एक म्हणजे आमच्याकडे सुटी हळद मिळत नाही. तांदूळ, डाळ, गूळ, मीठ सगळं सुटं मिळेल, हळद मात्र बंद पुडीतच. दुसरी म्हणजे गल्ल्यामागच्या खिळ्याला लटकवलेली जाड तार आणि तिच्यात टोचलेली बिलं. दहा रुपयांच्या मालाचंसुद्धा बिल त्या तारेत गेलंच पाहिजे. तार भरली की गठ्ठा माळ्यावर. असं का, हे कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुकानदाराच्या घरात सवयी असतातच.

२०२१ च्या जुलैत महाडला पूर आला, ते तुम्हाला आठवत असेल. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत, घराघरांत शिरलं. महाडला आत्याच्या घरीही शिरलं. चिखल काढायला आम्ही सगळे गेलो तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. पाणी वरपर्यंत गेलं नव्हतं, पण ओल धरली होती. कागद वाळत घालता घालता एक फाइल हाती लागली. पहिल्या पानांवर जिल्हा कुलाबा आणि शेवटच्या पानांवर जिल्हा रायगड. (१९८१ साली आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं, तेवढ्यात खटला संपला नव्हता!) आरोपी म्हणून आजोबांचं नाव, आणि गुन्हा अन्नभेसळ.

मला धक्काच बसला. आमचे आजोबा म्हणजे दुकान उघडताना तराजूला नमस्कार करणारा माणूस. आत्याने मग ओसरीवर बसून सगळी हकिगत सांगितली.

१९७८ साली निरीक्षक दुकानात आला. त्याने सुटी हळद विकत घेतली, पैसे दिले, पंचांसमोर तिचे तीन भाग केले, सील केले. एक भाग सरकारी विश्लेषकाकडे गेला. अहवाल आला की हळदीत मेटॅनिल यलो आहे. हा डांबरापासून बनणारा रंग कापड-कागदासाठी असतो, खाण्यात त्याला बंदी आहे. आजोबांनी तो घातला नव्हता. महाडच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून ते वर्षानुवर्षं हळद आणायचे. त्या व्यापाऱ्याने मात्र कोर्टात ओळखच दाखवली नाही. आजोबांकडे बिल नव्हतं. घरोबा होता ना, बिल कशाला मागायचं? सात वर्षं पोलादपूर-महाड तारखांच्या फेऱ्या झाल्या. शेवटी सील आणि कागदपत्रांतल्या चुकीमुळे संशयाचा फायदा मिळून ते सुटले. सुटले म्हणजे काय, तर निर्दोष आहेत असं कोणी म्हटलं नाही. ज्याने रंग मिसळला त्याच्या दारात कोणी गेलं नाही. आजोबा त्यानंतर २० वर्षं जगले, पण इन्स्पेक्टर हा शब्द आमच्या घरात शिवीसारखाच राहिला.

त्या रात्री मला प्रश्न पडला की हा असला कायदा केला तरी कोणी? पुढे केमिकलला प्रवेश मिळाला, लायब्ररीत हाताशी पुस्तकं आली, तेव्हा शोधायला लागलो. भारतातला कायदा १९५४ चा. त्याआधी आपल्या मुंबई इलाख्याचा १९२५ चा. त्याच्याही आधी १८६० च्या दंडविधानातलं २७२ आणि २७३ कलम : सहा महिने कैद किंवा १००० रुपये दंड. असं मागे मागे जाताना आणि जगात इतरत्र काय चाललं होतं ते बघताना हे डॉक्टर वायली भेटले. मी त्यांच्यावर राग काढायला बसलो होतो. पुढे काय झालं ते वाचा.

वायली शेतकऱ्याचा मुलगा. १८ ऑक्टोबर १८४४ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यात ओंडक्यांच्या घरात जन्मला. वडील शेती करायचे, शाळेत शिकवायचे, धर्मोपदेशही करायचे. गुलामगिरी मान्य नसलेलं ते घर होतं. शेतात ऊसासारख्या गोड ज्वारीची लागवड असायची, तिचा रस काढून काकवी करायची. आपल्याकडच्या गुऱ्हाळासारखंच म्हणा ना. साखर म्हणजे काय आणि काकवी म्हणजे काय हे त्या मुलाला प्रयोगशाळेत जाण्याआधी जिभेने कळलेलं होतं. पुढे आयुष्यभर हीच जीभ कामाला आली.

हॅनोव्हर कॉलेजात शिकत असताना यादवी युद्ध चालू होतं. १८६४ साली काही महिने तो सैन्यात जाऊन आला. १८६७ ला पदवी, १८७१ ला डॉक्टरकीची पदवी, मग १८७३ ला हार्वर्डची विज्ञानाची पदवी. रोग्यांना तपासण्यात मात्र मन रमेना, रसायनशास्त्र ओढत होतं. १८७४ साली पर्ड्यू विद्यापीठ सुरू झालं. होय, आपल्यातले कित्येक जण एमएससाठी ज्याचे फॉर्म भरतात तेच पर्ड्यू! तिथला रसायनशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणजे वायली.

आता हॉस्टेलवाल्यांसाठी खास किस्सा. हा प्राध्यापक मुलांबरोबर मैदानात बेसबॉल खेळायचा. त्याने त्या काळातली उंच चाकाची सायकल घेतली आणि गुडघ्यापर्यंतची तोकडी विजार घालून त्या सायकलवरून कॉलेजला यायला लागला. गावातले घोडे बुजायला लागले. विश्वस्त मंडळ भयंकर चिडलं. बैठक भरली, वायलींना समोर बोलावलं आणि गाडीच्या चाकावर बसलेल्या माकडासारखा हा प्राध्यापक दिसतो, अशा अर्थाची कानउघाडणी झाली. वायलींनी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. तो काही मंजूर झाला नाही. पण १८८३ साली विद्यापीठाचं अध्यक्षपद रिकामं झालं तेव्हा यांना वगळलं गेलं. कारणं : वय कमी, स्वभाव फार गमत्या आणि लग्न झालेलं नाही. स्टाफरूममधल्या सरांनी नोंद घ्यावी!

मधल्या काळात एक महत्त्वाची गोष्ट घडलेली होती. १८७८ साली ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये हॉफमन यांची व्याख्यानं ऐकली आणि तिथल्या सरकारी अन्न-प्रयोगशाळेत पोलरिस्कोप चालवायला शिकले. या यंत्रातून साखरेच्या द्रावणातून जाणारा प्रकाश किती अंशांनी वळतो ते मोजता येतं. (फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला आपण तो प्रयोग करतो आणि रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो.) परत आल्यावर त्यांनी बाजारातले मध आणि पाक या यंत्राखाली धरले. राज्याच्या आरोग्य मंडळासाठी केलेलं ते काम होतं. मध म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत मक्यापासून बनवलेलं ग्लुकोज निघालं. कुठे कुठे तर वर दिसावा म्हणून पोळ्याचा एक तुकडा टाकलेला! आमच्या महाबळेश्वरच्या रस्त्यावर वाढलेल्या पोराला हे वाचून हसू आलं. मधाची बाटली घ्यायची की नाही, यावर आमच्या भागात प्रत्येक पर्यटकाची आणि विक्रेत्याची हुज्जत होतेच.

इथे वायलींची भूमिका नीट समजून घ्यायला हवी. ग्लुकोज विकू नका असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ग्लुकोज म्हणून खुशाल विका, मध म्हणून विकू नका, एवढंच. ज्याने पैसे मोजले त्याला आपण काय घेतलं ते कळलं पाहिजे. विषारी असो वा नसो, खोटं नाव हाच पहिला गुन्हा.

१८८३ साली ते अमेरिकेच्या शेती खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ झाले आणि पुढची २९ वर्षं तिथेच राहिले. १८८४ साली सरकारी रसायनतज्ज्ञांची संघटना उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. तपासणीची पद्धत सगळीकडे एकच असावी, नाहीतर एका प्रयोगशाळेत पास झालेला माल दुसरीकडे नापास होतो, यासाठी ही संघटना. एओएसीच्या पद्धती म्हणून तिचं नाव आजही अन्नतपासणीच्या पुस्तकांत पानोपानी येतं. १८८७ पासून त्यांच्या खात्याने एकेक पदार्थ घेऊन अहवाल छापायला सुरुवात केली : दूध-लोणी, मसाले, चरबी, साखर-मध, चहा-कॉफी... मिरपुडीत टरफलं, कॉफीत चिकोरी, स्ट्रॉबेरीच्या मुरंब्यात स्ट्रॉबेरीच नाही, बिया म्हणून गवताचं बी. दुधात फॉर्मालिन, लोण्यात आणि मांसात टाकणखार म्हणजे बोरॅक्स, वाटाणे हिरवेगार राहावेत म्हणून मोरचूद.

अहवाल निघत राहिले, कोणी वाचले नाहीत. संसदेत विधेयकं येत राहिली, पडत राहिली. १८७९ पासून १९०६ पर्यंत शंभराहून जास्त विधेयकं आली, असं सांगतात. कारखानदार म्हणायचे, एवढ्याशा बोरॅक्सने काय होतं? आणि खरं सांगायचं तर काय होतं, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. वायलींनाही.

मग त्यांनी ती मेस काढली.

संसदेने ५००० डॉलर मंजूर केले. खात्याच्या इमारतीच्या तळघरात स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली झाली. बहुतेक शेती खात्यातलेच तरुण कारकून स्वतःहून पुढे आले. अटी अशा : तीन वेळचं जेवण फुकट, पण बाहेरचा एक दाणाही तोंडात घालायचा नाही. पाणीसुद्धा मोजून. जेवणाआधी वजन, नाडी, ताप. मलमूत्र डब्यात गोळा करून प्रयोगशाळेत द्यायचं. आणि काही बरंवाईट झालं तर सरकारवर दावा लावणार नाही असं लिहून द्यायचं. एवढं करून पगार जास्त नाही!

सुरुवात बोरॅक्सने झाली. आधी ते लोण्यात मिसळलं होतं. काही दिवसांनी बघितलं तर पोरांनी लोणी खाणंच सोडलेलं. मग दुधात घातलं, मांसात घातलं, कॉफीत घातलं. ज्यात घालावं ते पोरं बरोबर टाळायची. शेवटी कॅप्सूल करून समोर ठेवल्या की गिळा. (कोणत्या भाजीत काल रात्रीची भाजी मिसळलीय हे पहिल्या घासाला ओळखणाऱ्या आपल्या पोरांना यात नवल वाटणार नाही.) पुढच्या पाच वर्षांत सॅलिसिलिक आम्ल, गंधकाची संयुगं, बेन्झोएट, फॉर्मालिन असं एकेक रसायन झालं. पोरांची भूक गेली, डोकं दुखायचं, पोट बिघडायचं. काही प्रयोग मुलं फार आजारी पडल्यामुळे मध्येच थांबवावे लागले.

वर्तमानपत्रांना हा विषय मिळाल्यावर काय विचारता! त्यांनी या मुलांचं बारसं केलं, पॉयझन स्क्वाड. गाणी निघाली, विनोद झाले. वायलींना आधी ही प्रसिद्धी नकोशी वाटली, पण लवकरच लक्षात आलं की इतक्या वर्षांच्या अहवालांनी झालं नाही ते ही १२ पोरं करत आहेत. आपल्या स्वयंपाकघरात काय येतंय हा प्रश्न लोक विचारायला लागले. बायकांच्या मंडळांनी तर हे काम उचलूनच धरलं. वायली गावोगाव त्यांच्यापुढे भाषणं करत फिरायचे. त्यात १९०६ च्या सुरुवातीला अप्टन सिंक्लेअरची द जंगल ही कादंबरी आली. शिकागोच्या मांसकारखान्यांतली घाण वाचून देश हादरला. ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न आणि औषध कायद्यावर सही केली. लोक त्याला वायलीचा कायदाच म्हणायचे.

१ जानेवारी १९०७ पासून अंमलबजावणी सुरू झाली आणि इथून खरी परीक्षा. कायद्यात दोन शब्द मुख्य होते : भेसळ आणि खोटं लेबल. निरीक्षक गिऱ्हाइकासारखा जाऊन माल विकत घेणार, नमुना प्रयोगशाळेत जाणार, संबंधिताला म्हणणं मांडायची संधी आणि मग खटला. वाचता वाचता मी थबकलो. १९७८ साली पोलादपूरच्या बाजारात जे झालं ते हेच की!

पहिल्या गाजलेल्या खटल्यांपैकी एक १९०८ चा. वॉशिंग्टनच्या रॉबर्ट हार्पर नावाच्या औषधवाल्याचं डोकेदुखीवरचं औषध होतं. नाव असं वेडंवाकडं लिहिलेलं की वाचताना डोकेदुखीवर इलाज आणि मेंदूचं अन्न असा अर्थ निघावा. विषारी काही नाही असा दावा, आणि आत ॲसिटॅनिलाइड, जे हृदयाला घातक. रूझवेल्ट यांना वाटत होतं की याला तुरुंगात पाठवून उदाहरण घालून द्यावं. न्यायालयाने ७०० डॉलर दंड केला. हार्परने या औषधावर लाखो डॉलर मिळवले होते. म्हणजे दंड किरकोळ, धंदा मोठा. हे वाचून मला कोर्टात मान फिरवणारा तो ठोक व्यापारी आठवला.

१९०९ साली तर वायलींच्या खात्याने थेट कोकाकोलाची ४० पिंपं आणि २० लहान पिंपं जप्त केली. मुद्दा त्यातल्या कॅफीनचा. गंमत बघा, जप्तीच्या खटल्यात आरोपी माणूस नसतो, माल असतो. त्यामुळे खटल्याचं नाव पडलं, अमेरिका सरकार विरुद्ध ४० पिंपं आणि २० लहान पिंपं! १९११ ला टेनेसीतल्या चॅटनूगा इथे सरकार हरलं. १९१६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि पुढे तडजोड होऊन कंपनीने कॅफीन निम्म्यावर आणलं. तोवर वायली नोकरीत राहिले नव्हते.

का नव्हते? कारण त्यांचे शत्रू वाढले होते, आणि काही त्यांनी स्वतः वाढवले होते. १९०८ साली रूझवेल्टसमोर बैठक चालू असताना वायली मध्येच बोलले, सॅकरिन घातलेला मका खाणारा माणूस फसवला जातो आणि त्याच्या तब्येतीलाही अपाय होतो. त्यांना काय माहीत की राष्ट्राध्यक्षांना त्यांचा डॉक्टर रोज सॅकरिनच देत होता! रूझवेल्ट भडकले. लवकरच वायलींच्या डोक्यावर तज्ज्ञांचं एक मंडळ बसवलं गेलं. त्याचे अध्यक्ष आयरा रेमसन, ज्यांच्या प्रयोगशाळेत १८७९ साली सॅकरिन सापडलं तेच. १९०९ ला या मंडळाने थोडं बेन्झोएट अपायकारक नाही असा निर्णय दिला आणि वायली तोंडघशी पडले.

इथे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. बेन्झोएटच्या बाबतीत रेमसन मंडळाचं म्हणणं पुढे टिकलं. आपल्या टेबलावरच्या सॉसच्या बाटलीवर आयएनएस २११ लिहिलेलं असतं ते हेच सोडियम बेन्झोएट, ठरावीक प्रमाणात आजही चालतं. वायलींच्या प्रयोगातही दोष होते. १२ माणसं म्हणजे काहीच नाही. रसायन न देता तेच जेवण जेवणारा दुसरा गट त्यांनी ठेवलेला नव्हता. आणि आपण काय खातोय हे पोरांना माहीत होतं, मग डोकं दुखल्याशिवाय कसं राहील? आपल्या प्रोजेक्ट व्हायव्हाला एक्स्टर्नलने याच प्रश्नांवर फाडलं असतं. पण बोरॅक्स आणि फॉर्मालिन यांच्या बाबतीत ते बरोबर होते. दोन्ही आपल्याकडेही अन्नात चालत नाहीत, आणि मासळीत, दुधात फॉर्मालिनची शंका आली की आजही धाडी पडतात.

१९११ साली त्यांच्यावर आरोप आला की एका तज्ज्ञाला नियमापेक्षा जास्त मोबदला ठरवून दिला. बडतर्फीपर्यंत गोष्ट गेली. लोकांनी एवढा आवाज उठवला की चौकशी झाली आणि राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी त्यांना निर्दोष ठरवलं. पण आपल्याच खात्यात हात बांधून बसण्यात त्यांना रस राहिला नव्हता. मार्च १९१२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि गुड हाऊसकीपिंग मासिकाच्या प्रयोगशाळेत जाऊन बायकांसाठी पदार्थ तपासून लिहायला लागले.

घरची गोष्ट राहिलीच. ॲना केल्टन नावाच्या मुलीला त्यांनी मागणी घातली होती, तिने नकार दिला. सुमारे दहा वर्षं गेली. पुन्हा गाठ पडली आणि १९११ साली वयाच्या ६६ व्या वर्षी वायलींचं लग्न झालं. दोन मुलगे झाले. ॲनाबाई बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या. त्यासाठी त्यांनी अटकही सोसली. ३० जून १९३० रोजी वायली गेले. कायद्यावर सही झाली त्याला बरोबर २४ वर्षं झाली होती.

आता माझ्या रागाचं काय झालं ते सांगतो.

त्या १९०६ च्या कायद्यात नववं कलम आहे. किरकोळ दुकानदाराकडे भेसळीचा माल सापडला, पण ज्याच्याकडून तो घेतला त्या ठोक व्यापाऱ्याची किंवा उत्पादकाची सहीची लेखी हमी त्याच्याजवळ असेल, तर दुकानदारावर खटला नाही. खटला हमी देणाऱ्यावर. हे वाचल्यावर मी आपला १९५४ चा कायदा उघडला. तिथेही तेच! कलम १४ : ठोक व्यापाऱ्याने लेखी हमी दिल्याशिवाय माल विकायचाच नाही, आणि बिल हीच हमी धरायची. कलम १९ : हमी असेल, माल घेतला तसाच ठेवून विकला असेल, तर दुकानदार सुटला. तो कायदा आता गेला. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून त्याच्या जागी आला. त्यातही ही लेखी हमी कायम आहे.

म्हणजे पोलादपूरच्या लहान दुकानदाराला वाचवणारा दरवाजा कायद्यात होता. आजोबांकडे त्याची किल्ली नव्हती, एवढंच. ती एक चिठ्ठी होती, जी घरोब्यापायी त्यांनी कधी मागितली नाही. कायदा आजोबांवर उलटला असं मी समजत होतो. खरं तर तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. फक्त निरीक्षक पोहोचला. नमुना घ्यायला माणूस येतो, पण बिल मागून ठेव रे बाबा, हे सांगायला कोणी येत नाही. वायली मात्र प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत, गावोगाव जाऊन सांगत राहिले. मला वाटतं त्यांचं निम्मं काम तेच होतं.

आणि मग एकदम ती तार डोळ्यांसमोर आली. गल्ल्यामागची, बिलं टोचलेली. आजोबांना कलम १९ माहीत झालं होतं! उशिरा, सात वर्षं हेलपाटे घालून, पण झालं होतं. वकिलाने सांगितलं असेल किंवा कोर्टाच्या ओट्यावर कोणीतरी. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी एकही बिल चुकवलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना हे सगळं सांगितलं. ते गिऱ्हाईक करत करत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले की तरी पण तो व्यापारी सुटलाच ना. यावर माझ्याकडे उत्तर नाही. वायलींकडेही नव्हतं, हार्पर ७०० डॉलर टाकून घरी गेलाच होता.

परत आल्यावर आम्ही मेस कमिटीच्या चौघांनी एक उद्योग केला. मेसची हळद चिमूटभर घेतली, लॅबमध्ये सरांसमोर पाण्यात ढवळून सांद्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. (घरी करू नका, आम्ल आहे ते.) शुद्ध हळदही आम्लात लालसर होते, पण पाणी वाढवलं की तो रंग जातो. मेटॅनिल यलो असेल तर गुलाबी-जांभळा रंग जात नाही. आमचा रंग गेला. हळद चांगली निघाली! तेव्हा वरण पातळ असलं तरी निदान त्याचा पिवळेपणा खरा आहे, हे जाहीर करायला आनंद वाटतो.

मग काकांना, म्हणजे मेस चालवणाऱ्या काकांना, मसाल्याची बिलं दाखवायला सांगितली. ते हसले. पोरांनो, ओळखीतला माणूस आहे, बिल कशाला, म्हणाले. मी काही न बोलता त्यांना आजोबांची गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरात गेलो तर तांदळाच्या पिंपावरच्या खिळ्याला एक तार लटकत होती. तिच्यात दोन बिलं होती.

(अंतिम वर्ष, केमिकल)